शरणपूर ते मोंबासा : फलकांच्या कामाच्या नोंदी

५ जून

वाचनालयाच्या बैठकीत आज फलक वाटले गेले. थंडीतल्या प्रदर्शनाचा विषय ‘नाशिकबाहेरचं नाशिक’. कुणी द्राक्षं घेतली, कुणी नोटांचा छापखाना, कुणी कुंभमेळ्याचे जुने फोटो. मी केनियातलं अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं तिथलं चर्च, मागितलं तेव्हा दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, “बाई, केनिया कुठे आणि नाशिक कुठे?” म्हटलं, “शरणपूर रोडनं रोज ये-जा करतो आपण. तिथे शरण आलं होतं कोण, तेवढं सांगते.”

सहा फलक मिळाले. प्रत्येक ३ बाय ४ फूट, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. सरांची अट अशी की नुसती गोष्ट नको. त्या चर्चचा इतिहास आणि नेतृत्व, दोन्ही क्रमवार दिसलं पाहिजे. मान्य केलं. बत्तीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे नकाशे मीच काढणार, हे न विचारताच ठरलं.

८ जून

शेवटाकडून सुरुवात केली, कारण शेवट सोपा असतो. केनियाच्या आर्चबिशपांची, म्हणजे तिथल्या सगळ्या बिशपांच्या प्रमुखांची यादी : फेस्टो ओलांग (१९७०–७९), मनासेस कुरिया (१९८०–९४), डेव्हिड गितारी (१९९७–२००२), बेंजामिन न्झिंबी (२००२–०९), एलियुद वाबुकाला (२००९–१६), आणि २०१६ पासून जॅक्सन ओले सापित. त्यांच्याआधी लेनर्ड बीचर, इंग्रज. पण ते नुसत्या केनियाचे नव्हते, पूर्व आफ्रिका प्रांताचे होते.

इथेच शब्दांची पहिली ठेच. मसुदा धाकट्या बहिणीला वाचून दाखवला. ‘प्रांत’ ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे प्रांत ऑफिससारखं?” तिची चूक नाही, आपल्याकडे प्रांत म्हणजे सातबाऱ्याची कटकट. अँग्लिकन जगात प्रांत म्हणजे आपला कारभार आपण पाहणारं चर्च. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांना तिथे मान आहे, हुकूम चालत नाही. प्रांताखाली बिशपांचे मुलूख येतात. मराठीत त्यांना ‘धर्मप्रांत’ म्हणतात, पण प्रांतात पुन्हा प्रांत आला की वाचणारा गोंधळणार. म्हणून इथले ख्रिस्ती लोक बोलताना म्हणतात तेच घेतलं : डायसिस.

प्रांताच्या प्रमुखाला ‘प्राइमेट’ असाही शब्द आहे. तो खोडला. नववी-दहावीच्या पोरांनी विज्ञानाच्या पुस्तकात तो माकडांसाठी वाचलेला असतो. फलकासमोर काय खिदळतील ते मला माहीत आहे.

मराठी बायबलमध्ये बिशपला ‘अध्यक्ष’ म्हटलंय आणि डीकनला, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवरच्या माणसाला, ‘सेवक’. ‘अध्यक्ष’ लिहिलं तर गणेश मंडळ आठवेल. बिशपच ठेवते. ‘सेवक’ मात्र वहीत वेगळा लिहून ठेवला, पुढे लागेल.

१४ जून

आजचा दिवस शरणपूरचा.

१८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन मिशन संस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही वस्ती वसवली. धर्म बदलला की घर सुटायचं, जात सुटायची, पाठोपाठ धंदाही सुटायचा. अशांना राहायला छप्पर आणि हाताला काम मिळावं, म्हणून शरणपूर. शाळा, अनाथाश्रम, कारखाना, सगळं एकाच आवारात.

मग तिथे आफ्रिकेची मुलं आली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांनी भरलेली अरबी गलबतं अडवायचं. माणसं सुटायची, पण सुटलेल्यांना सोडायचं कुठे? गाव जाळलेलं, आईबाप मेलेले किंवा दुसऱ्या गलबतात. जवळच्या किनाऱ्यावर उतरवलं तर चार दिवसांत पुन्हा बाजारात उभी. म्हणून त्यांना एडनला, सेशेल्सला आणि मुंबईला आणत. मुंबईत उतरलेल्यांपैकी काही मुलंमुली १८६० नंतर शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात पोचली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, प्रार्थनेचं पुस्तक. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. नावं इंग्रजी आणि वाढ गोदाकाठी. वेनराइट आणि जोन्स यांचा जन्म याओ लोकांतला, म्हणजे आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियाच्या सीमेवरचा.

इंग्रजी कागदांत सगळीकडे त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलंय. पुढे मोंबासाला गेल्यावर ‘बॉम्बे आफ्रिकन’. लग्न झालेल्या, लोहारकीत तयार झालेल्या गड्याला बॉय! फलकावर ‘नाशिकचे आफ्रिकन’ असंच येईल. सर म्हणतील मूळ शब्द बदलला. म्हणू देत.

१५ जून

सकाळी सहालाच शरणपूरला जाऊन चर्चचे फोटो काढले. नऊनंतर त्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचं म्हणजे रिक्षावाल्यांचे हॉर्न आणि शेलके शब्द ऐकायचे. अकरा फोटोंतल्या नऊंत विजेच्या तारा आल्यात. दोन चालतील.

२२ जून

एक चूक वेळेत सापडली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं शव वाहून नेणारे चुमा आणि सुसी नाशिकचे. तसं नाही. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट स्वतः हाकत मुंबईला आला, तेव्हा चुमाला त्यानं मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं. विल्सन स्कॉटिश मिशनचे, नाशिकशी त्यांच्या शाळेचा संबंध नाही. आपल्या गावाच्या प्रेमापोटी परक्याचं लेकरू आपल्या पाळण्यात घातलं होतं. खोडलं.

खरी नाशिकची माणसं दोन खेपांना गेली. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टननं शरणपूरमधून नऊ जण घेतले. त्यांतल्या बऱ्याच जणांविषयी त्याच्या रोजनिशीत तक्रारीच आहेत. दुसऱ्या खेपेचे सहा जण १८७२ मध्ये त्याच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमेसाठी गेले. वेनराइट आणि वेलिंग्टन या दुसऱ्या खेपेचे.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. शव मीठ लावून उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं आणि हजाराहून जास्त मैल चालून किनाऱ्यावर आणलं. झाडाखालच्या त्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली जेकब वेनराइटनं, कारण त्याला पुस्तक वाचता येत होतं. झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो एकटाच आफ्रिकन होता.

मला हे सगळं लिहावंसं वाटतंय आणि जागा आहे दीडशे शब्दांची. शिवाय लिव्हिंग्स्टन हा काही माझ्या फलकांचा विषय नव्हे, तो वाटेत भेटलेला माणूस. त्याला साठ शब्द. पण वेनराइट प्रार्थना वाचतोय हे वाक्य जाणार नाही. अँग्लिकन विधी, आफ्रिकेच्या पोटात, पाद्री कुणीच नाही, वाचणारा शरणपूरच्या शाळेत शिकलेला.

३० जून

केनियाची बाजू. चर्च मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस जर्मन, योहान लुडविग क्राफ. १८४४ मध्ये मोंबासाला आला आणि दोनच महिन्यांत बायको आणि तान्ही मुलगी गमावली. १८४६ मध्ये योहानेस रेबमान आला. दोघांनी मोंबासाजवळच्या टेकडीवर रबाई इथे ठाणं मांडलं. दोघांची नावं भूगोलाच्या पुस्तकात जास्त आहेत : रेबमाननं १८४८ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला, क्राफनं १८४९ मध्ये माउंट केनिया पाहिला. विषुववृत्तावर बर्फ, हे लंडनच्या विद्वानांना कितीतरी वर्षं पटेना. (हा धडा मी किती वर्षं शिकवला! रेबमान पाद्री होता हे एकदाही सांगितलं नाही.)

१८६४ मध्ये रबाईला मदतीला गेले ते जोन्स, सेमलर आणि डेव्हिड. नाशिकहून.

दुसरा धागा बार्टल फ्रियर यांचा. १८६२ ते ६७ मुंबईचे गव्हर्नर. फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं होतं. १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यांना पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या सुलतानाकडे पाठवलं आणि १८७३ च्या जूनमध्ये सुलतान बर्गशनं गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. नाशिकचा आश्रम फ्रियर यांना माहीत होता. तशीच वस्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर करा, असं त्यांनी सोसायटीला सुचवलं. सोसायटीनं पाठवलं कुणाला, तर शरणपूरच्या प्राइस यांनाच. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर वस्ती झाली, नाव फ्रियरटाउन. नाशिकच्या आश्रमातले दीडशेच्या आसपास लोक तिकडे गेले. तिथली घंटा अजून आहे. त्या भागालाच केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

म्हणजे फ्रियरटाउन हे शरणपूरचंच रोप. नकाशावर नाशिक ते मोंबासा रेघ ओढली. समुद्रावरून जाताना ती मुंबईत वाकते, तिथे फ्रियर यांचं नाव लिहिलं.

७ जुलै

आज बसले ती उठलेच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचं पिठलं झालं.

१८८४ मध्ये ‘पूर्व विषुववृत्तीय आफ्रिका’ अशी प्रचंड डायसिस काढली गेली. किनाऱ्यापासून युगांडापर्यंत सगळी एका बिशपकडे. पहिले बिशप जेम्स हॅनिंग्टन, वय ३६. १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी जोन्स आणि सेमलर या दोघांना डीकनची दीक्षा दिली. आजच्या केनियात दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन, आणि दोघंही शरणपूरचे. जॉर्ज डेव्हिड आदल्याच वर्षी वारला होता, नाहीतर तिघं असते.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाला निघाले, दक्षिणेचा रुळलेला रस्ता सोडून मसाई मुलखातून, पूर्वेकडून. युगांडाच्या दरबारात धास्ती होती की राज्य गिळणारे पूर्वेकडूनच येणार. हे त्यांना कुणी कळवेपर्यंत ते वाटेला लागले होते. सोबत दोनशेच्या आसपास हमाल आणि त्यांचा नायक जोन्स. व्हिक्टोरिया सरोवराच्या जवळ आल्यावर बिशपनी जोन्सला बहुतेक माणसांसह मागे ठेवलं आणि पन्नास जण घेऊन पुढे गेले. बुसोगात त्यांना धरलं. २९ ऑक्टोबर १८८५ ला युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमानं त्यांना आणि सोबतच्या जवळजवळ सगळ्यांना मारलं. चौघं निसटले. त्यांनी येऊन जोन्सला सांगितलं.

आता जोन्सच्या जागी उभं राहून पाहा. सहा महिन्यांपूर्वी डीकन झालेला माणूस. बिशप मेले. पुढे जायचं तर मरण, मागे शेकडो मैल मसाई मुलूख. बातमी खरी की खोटी हेही आधी नक्की नाही, म्हणून तो महिनाभर थांबला. मग शंभरावर माणसांना घेऊन परत फिरला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये त्यांना रबाईला घेऊन आला. तांड्यापुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : ईखाबोद. जुन्या करारात एली याजकाची सून मरता मरता बाळाचं नाव तसं ठेवते; अर्थ, वैभव गेलं.

हा शब्द मला फलकावर मोठ्या अक्षरांत हवा.

पुढेही जोन्स रबाईलाच दिसतो. किनाऱ्यावरच्या मालकांपासून पळालेले गुलाम रबाईत येऊन लपायचे, आणि जोन्स त्यांना ठेवून घ्यायचा. मालक ओरडू लागले, प्रकरण पेटलं. शेवटी १८८९ च्या सुरुवातीला ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं मालकांना पैसे मोजून चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्तीचे दाखले दिले. शरणपूरमध्ये वाढलेल्या माणसानं रबाईत काय केलं, ते वेगळं लिहायची गरज नाही. पण फलकावर आश्रमाचा आकडा आणि रबाईचा आकडा शेजारी-शेजारी ठेवणार आहे.

१२ जुलै

सर घरी आले होते. चहा झाला, मसुदा वाचला, मग वाद.

त्यांचं म्हणणं : नेतृत्वाचा तक्ता हॅनिंग्टनपासून सुरू व्हावा. पहिला बिशप तो. जोन्स डीकन होता, त्याला तक्त्यात घेता येणार नाही. घ्यायचाच तर खाली चौकटीत, ‘हेही पाहा’ म्हणून.

माझं म्हणणं : हॅनिंग्टन बिशप म्हणून केनियात राहिले जेमतेम काही महिने. जोन्स तिथे वीस वर्षांहून जास्त राबला. तांडा जिवंत परत आणला तो त्यानं.

“बाई, पद म्हणजे पद. शाळेत शिपायानं आग विझवली म्हणून त्याला मुख्याध्यापकांच्या फलकावर लिहितो का आपण?”

“लिहायला हवं होतं, सर.”

ते हसले, पण मान्य केलं नाही. जाताना एवढं म्हणाले की दोन्ही तक्ते करून आणा, गटापुढे ठेवू. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यापुढे मी नेहमीच जास्त बोलते.

२० जुलै

हॅनिंग्टननंतरचे बिशप पटापट. हेन्री पार्कर आधी कलकत्त्याला सोसायटीचे चिटणीस होते. १८८६ मध्ये बिशप झाले आणि १८८८ मध्ये सरोवराकाठी तापानं गेले. तिसरे आल्फ्रेड टकर टिकले, त्यांचं मन युगांडात. १८९९ मध्ये डायसिसचे दोन तुकडे झाले आणि मोंबासाचा वेगळा बिशप आला, विल्यम पील. हेही भारतात काम करून गेलेले. १९१८ मध्ये आलेले रिचर्ड हेवूड तर आपल्या पश्चिम भारतातून गेले. सोसायटीला केनियासाठी बिशप हवा असला की नजर आधी हिंदुस्थानाकडे वळायची. मोंबासाचं स्मारक कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) १९०५ चं, घुमट आणि कमानी थेट अरबी वळणाच्या.

थांबावं असं एकच ठिकाण आहे, १९१३ चं किकुयू प्रकरण. केनियातल्या प्रोटेस्टंट मिशनांनी एकत्र काम करायचं ठरवलं. किकुयूच्या स्कॉटिश मिशनमध्ये परिषद भरली. शेवटच्या दिवशी पील यांनी अँग्लिकन पद्धतीनं प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, केलं आणि प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट अशा दुसऱ्या पंथांच्या लोकांनाही दिलं. युगांडाचे बिशप विलिस सोबत होते. झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन हे ऐकून भडकले आणि दोघांवर पाखंडाचा खटला चालवा म्हणून कँटरबरीला लिहिलं. चौकशी झाली आणि निकाल असा गुळमुळीत आला की इंग्लंडात विनोद फिरला : समितीच्या मते हा विधी देवाला अत्यंत प्रिय होता, तेव्हा तो पुन्हा कधीही करू नये.

हे वाचून सर पोट धरून हसले. आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे निकाल असेच असतात म्हणाले.

३ ऑगस्ट

योगायोगानं तारीख जमली. ३ ऑगस्ट १९६० ला पूर्व आफ्रिका प्रांत स्थापन झाला आणि बरोबर दहा वर्षांनी, ३ ऑगस्ट १९७० ला, त्यातून केनियाचा वेगळा प्रांत झाला; टांझानियाचाही त्याच वर्षी.

१९६० च्या प्रांतात पाच डायसिस. मोंबासा आणि मध्य टांगानिका (टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या चर्च मिशनरी सोसायटीच्या, साध्या उपासनेच्या. झांझिबार, मसासी आणि नैऋत्य टांगानिका या वेस्टनच्या परंपरेच्या, धूप आणि झग्यांच्या. किकुयूच्या प्रकरणात ज्यांचं भांडण पाखंडाच्या खटल्यापर्यंत गेलं होतं, त्यांचे वारस आता एका टेबलाशी. दहा वर्षं टिकलं हेच नवल.

प्रांताचे प्रमुख बीचर. ४९ सालच्या आफ्रिकन शिक्षणाच्या अहवालाला त्यांचंच नाव आहे, आणि आफ्रिकनांना स्वतःचे प्रतिनिधी मिळण्याआधी कायदेमंडळात त्यांची बाजू मांडायला सरकारनं नेमलेल्या गोऱ्या पाद्र्यांपैकी ते एक होते. पण मला महत्त्वाची तारीख वाटते १५ मे १९५५. कंपालाच्या नामिरेंबे कॅथीड्रलमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांनी चार आफ्रिकनांना बिशपची दीक्षा दिली. दोघं केनियाचे : फेस्टो ओलांग आणि ओबादिया करिउकी. केनियात तेव्हा इंग्रज राजवटीविरुद्ध माउ माउचं बंड आणि आणीबाणी चालू होती. जोन्सच्या दीक्षेनंतर सत्तर वर्षं गेली होती. सत्तर. तक्त्यात हे अंतर मोजपट्टीनं दाखवायचंय, दर दहा वर्षांना दोन सेंटिमीटर, मधली जागा कोरी.

१९७० मध्ये ओलांग केनियाचे पहिले आफ्रिकन आर्चबिशप झाले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि १९२९ पासूनची आपली नाशिकची अँग्लिकन डायसिस त्यात गेली. म्हणजे शरणपूरच्या चर्चनं प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट वगैरेंशी एक होऊन जुनं नाव सोडलं ते वर्ष आणि केनियाच्या अँग्लिकनांना स्वतःचा प्रांत मिळाला ते वर्ष एकच. केनियातही असं एक होण्याची बोलणी साठच्या दशकात झाली होती, जमलं नाही.

१४ ऑगस्ट

आज अलेक्झांडर मुगे गेले तो दिवस.

मुगे एल्डोरेटचे बिशप. राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या काळात केनियात एकच पक्ष होता, आणि १९८८ च्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार निवडताना गुप्त मतदान नव्हतं. मतदारांनी उमेदवाराच्या फोटोमागे रांगेत उभं राहायचं. स्वाहिलीत त्याला म्लोलोंगो म्हणत, म्हणजे रांग. मोजणारे रांग लांब म्हणाले की लांब. याविरुद्ध बोलणाऱ्यांत अँग्लिकन बिशप पुढे : मुगे, मासेनो साउथचे हेन्री ओकुल्लू, आणि माउंट केनिया ईस्टचे डेव्हिड गितारी. १९८९ मध्ये गितारींच्या घरावर रात्री हल्ला झाला. ते छपरावर चढले, शेजारी ओरडत धावले, वाचले. १९९० च्या ऑगस्टमध्ये एका मंत्र्यानं जाहीरपणे सांगितलं की मुगे बुसियात आले तर जिवंत परत जाणार नाहीत. मुगे गेले, उपासना घेतली आणि परतताना १४ ऑगस्टला रस्त्यात ट्रकशी टक्कर होऊन ठार झाले. मंत्र्यानं राजीनामा दिला.

आर्चबिशप तेव्हा कुरिया. यादी बघणाऱ्याला या वर्षांत फक्त कुरियांचं नाव दिसेल. ओकुल्लू आणि मुगे कधी आर्चबिशप झाले नाहीत. सरांना हे दाखवायचं आहे.

गितारी मात्र झाले, १९९७ मध्ये. त्याच वर्षी ७ जुलैला घटनादुरुस्तीसाठी जमलेले लोक पोलिसांपासून वाचायला नैरोबीच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये शिरले आणि पोलीस मागोमाग आत. वेदीपर्यंत लाठ्या आणि अश्रुधूर. स्वाहिलीत या दिवसाला साबा साबा म्हणतात, सात सात. त्या चर्चची पायाभरणी १९१७ ची, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या काळातली, आणि ऐंशी वर्षांनी तिथे आसऱ्याला कोण धावलं ते बघा. या फलकाला ‘शरण’ हा मथळा द्यायचा मोह झाला. आवरला, पहिल्या फलकावर तो शब्द आहेच.

१९ ऑगस्ट

उरलेलं. १९९८ मध्ये ‘केनिया प्रांताचं चर्च’ हे नाव जाऊन ‘अँग्लिकन चर्च ऑफ केनिया’ झालं. न्झिंबी आणि वाबुकाला यांच्या काळात समलिंगी संबंधांच्या प्रश्नावर अमेरिकेच्या चर्चशी बिनसलं आणि केनिया २००८ पासून पुराणमतवादी प्रांतांच्या गाफकॉन गटात आहे. बाई असून हे लिहिताना मला मजा वाटली की हेच पुराणमतवादी चर्च बायकांच्या बाबतीत पुढे गेलं : ओकुल्लूंनी १९८३ मध्येच लुसिया ओकुथे यांना दीक्षा दिली होती, आणि २०२१ मध्ये एमिली ओन्यांगो बोंडोच्या सहायक बिशप आणि रोझ ओकेनो बुटेरेच्या पूर्ण बिशप झाल्या. ओकेनोंच्या दीक्षाविधीला पुढारी पहिल्या रांगेत येऊन बसले होते; आर्चबिशप सापित यांनी तिथेच सांगितलं की यापुढे चर्चमध्ये पुढाऱ्यांना माइक मिळणार नाही. वाबुकाला निवृत्तीनंतर देशाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे अध्यक्ष झाले. इथे ‘अध्यक्ष’ शब्द अडचणीविना बसला.

२४ ऑगस्ट

गटाची बैठक. दोन्ही तक्ते ठेवले. सरांचा : हॅनिंग्टन ते सापित, एका सरळ रेषेत. माझा : १८६४ ला रबाईला उतरलेल्या तिघांपासून.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ग्रंथपाल ताई म्हणाल्या, तक्ता एकच ठेवा, रेषा दोन करा. वर अध्यक्ष, खाली सेवक. मी तर उडालेच. जूनमध्ये वहीत लिहून ठेवलेला शब्द त्यांच्या तोंडून आला. वरची रेषा बिशपांची, खालची जोन्स, सेमलर, वेनराइट, ओकुथे यांची. १९५५ ला खालची रेषा वर चढते. सर म्हणाले, “चालेल. पण मोजमाप नीट करा.” ते मीच करणार होते.

मुगे आणि ओकुल्लू वरच्या रेषेत, आर्चबिशपांच्याच आकाराच्या अक्षरांत. यावर सर काही बोलले नाहीत.

शब्द ९४० झालेत, ९०० हवेत. किलिमांजारोचा बर्फ गेला. जीव तुटला, पण तो पुस्तकात आहे.

३० ऑगस्ट

छपाईवाल्याकडून पहिला नमुना. त्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलताना सगळे रफार पुढच्या अक्षरावर उडालेत : ‘आर्चबिशप’ सतरा ठिकाणी फुटलाय. ‘शरणपूर’ चा ‘पू’ चार ठिकाणी ऱ्हस्व. नकाशातली रेघ मोंबासाऐवजी मोगादिशूला जाऊन टेकलीय, ती मात्र माझीच चूक.

तिसऱ्या फलकावर निळ्या पट्टीत पांढरा शब्द हवा होता, तिथे ‘अहमदाबाद’ छापलंय. फोन केला. पोरगा म्हणाला, “मावशी, तुमचं काहीतरी चुकलेलं होतं, मी नीट केलं.” ई, खा, बो, द, अशी चार अक्षरं एकेक करून सांगितली. त्यानं परत म्हणून दाखवली. सुधारलेली फाइल रात्री पावणेदहाला आली, बघून पाठवली.